माहितीच्या वेगाचा हिशेब



शाळेला साठ वर्षे पूर्ण होतात तेव्हा इमारत, पटांगण आणि पटावरील नावे यांखेरीज आणखी एक संचित तिच्याजवळ जमलेले असते. स्नेहसंमेलनांच्या कॅसेट, वार्षिकांकाची पाने जपून ठेवलेल्या फ्लॉपी, नाट्यप्रवेशांच्या सीडी, छायाचित्रांनी भरलेल्या हार्ड डिस्क असे ते संचित कधी शाळेच्या कपाटात, तर कधी माजी विद्यार्थ्यांच्या घरच्या माळ्यावर पडून असते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांच्या बाबतीत या वस्तूंचे मोल अधिकच आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद वा दिल्ली येथे वाढलेल्या मराठी मुलांचे उच्चार, त्यांची गाणी, कवायतीचे हुकूम यांचा दुसरा पुरावा सहजी सापडत नाही. हे सारे एकत्र करून दूरदूर गेलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवावे, ही इच्छा हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक शाळेत व्यक्त होते. आणि पाठोपाठ प्रश्न येतो : याला वेळ किती लागेल?

हा प्रश्न भागाकाराचा आहे. एकूण माहिती भागिले वेग, म्हणजे वेळ. परंतु हा भागाकार सुशिक्षित माणसांचाही चुकतो. कारण माहिती साठवणाऱ्यांचे माप एक आणि ती वाहून नेणाऱ्यांचे माप दुसरे. दोन्ही आकडे खरे असतात. मात्र शेरातला आकडा किलोतल्या आकड्याने भागावा तसे होते. हे रूपांतर करताना चार गोष्टी विचाराव्या लागतात, आणि त्या चारही शालेय अंकगणितात बसणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट : बिट की बाइट? ‘हो’ किंवा ‘नाही’, एक किंवा शून्य, एवढीच माहिती सांगणारा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द वापरला आणि त्याचे श्रेय जॉन टुकी यांना दिले. बाइट हा शब्द १९५६ मध्ये आयबीएम कंपनीतील वर्नर बुखहोल्झ यांनी घडवला. आरंभी बाइटमध्ये किती बिट असावेत याचा नियम नव्हता. सहा बिटांचे अक्षर मानणारी यंत्रेही होती. १९६४ मध्ये आयबीएमची सिस्टिम-३६० ही संगणकमालिका आठ बिटांची बाइट घेऊन आली आणि पुढे तेच माप रूढ झाले. साठवणीच्या व्यवसायात अक्षरे ठेवायची असतात, म्हणून तेथे बाइट मोजतात. तारेवरून मात्र एकामागून एक बिट जातात, म्हणून दूरसंचारात बिट मोजतात. बाइटच्या लांबीविषयीचा तो जुना संशय टाळण्यासाठी दूरसंचाराच्या नियमपुस्तकांत आठ बिटांच्या गटाला ‘ऑक्टेट’, म्हणजे अष्टक, असे स्वतंत्र नाव आहे.

शेराचा आठवा हिस्सा तो अदपाव. बाइटचा आठवा हिस्सा तो बिट. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. त्या वळणाने गेले तर आठाने भागणे म्हणजे तीनदा निम्मे करणे होय. शंभराचे निम्मे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा. पालकांच्या घरी सेकंदाला शंभर मेगाबिटची इंटरनेट जोडणी येते, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर फार तर साडेबारा मेगाबाइटचा वेग दिसणार. पडद्यावर अकरा दिसले म्हणून कंपनीने वेग नऊपटींनी कमी केला अशी तक्रार करणे चुकीचे ठरेल.

दुसरी गोष्ट : हजार म्हणजे किती? दूरसंचारात किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे १०,००,०००. तेथे अपवाद नाही. संगणकाच्या स्मृतीची रचना दोनाच्या घातांवर उभी असल्याने तेथे १,०२४ ला ‘किलो’ म्हणण्याची सवय पडली. किलोच्या पायरीवर हा फरक २.४ टक्क्यांचा आहे. पण तो पायरीगणिक वाढत जातो. मेगाला सुमारे ४.९ टक्के, गिगाला ७.४ टक्के आणि टेराला जवळजवळ १० टक्के. ५०० गिगाबाइटची म्हणून विकत घेतलेली डिस्क काही संगणकांवर सुमारे ४६५ दाखवते, त्याचे कारण हेच. विकणारा हजाराच्या मापाने देतो, संगणक १,०२४ च्या मापाने मोजतो. हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ च्या मापांसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे ठरवली. नियमपुस्तकांत ती आली. बाजारात फारशी रुळली नाहीत.

ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी १ एप्रिल १९५७ नंतरचे दिवस पाहिले, त्यांना अशा स्थित्यंतराची गोष्ट घरात ऐकायला मिळाली असेल. रुपयाचे चौसष्ट पैसे होते, ते शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहाचे नाणे नव्हते. चार आण्यांचा हिशेब पंचवीस पैशांत चोख बसे, एका आण्याचा बसत नसे. दोन मापे एकाच बाजारात चालू असताना घेणाऱ्याने ‘कोणते पैसे?’ असे विचारणे भाग होते. किलोबाइटच्या बाबतीत तेच विचारावे लागते.

साडेतीन इंची फ्लॉपीवरचा ‘१.४४ मेगाबाइट’ हा आकडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या फ्लॉपीवर १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट मावतात. हजाराच्या मापाने ते १.४७ मेगाबाइट होतात, १,०२४ च्या मापाने १.४१. लेबलावरचा १.४४ हा एकदा १,०२४ ने आणि एकदा १,००० ने भागून आलेला आहे. तो कोणत्याच एका मापात बसत नाही.

याच्या उलट फसवणूक दूरसंचाराच्या बाजूने होते. भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडणाऱ्या मूळ अंकीय जोडणीचा वेग २,०४८ किलोबिट आहे. २,०४८ हा १,०२४ च्या दुपटीचा आकडा पाहून संगणक शिकलेला माणूस तो दोनाच्या घातांतून आला असे समजतो आणि १,०२४ ने गुणतो. ते चूक आहे. हा आकडा कसा आला ते पाहिले की दूरसंचाराची सगळी मापे उलगडतात.

दूरध्वनीवर माणसाच्या आवाजातील सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जातो. मोकळी जागा धरून तो ४,००० हर्ट्झ मानतात. आवाज पुन्हा उभा करायचा तर या वारंवारतेच्या दुप्पट नमुने घ्यावे लागतात, म्हणजे सेकंदाला ८,०००. प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहितात. ८,००० गुणिले ८ बरोबर ६४,०००. एका संभाषणाचा हा वेग म्हणजे ६४ किलोबिट. आवाजाला असे अंकांत बदलण्याची कल्पना अॅलेक रीव्ह्ज यांनी १९३८ मध्ये पेटंटात मांडली. ती दूरध्वनीच्या रोजच्या सेवेत आली १९६२ मध्ये, अमेरिकेत. तेथे २४ संभाषणे एका जोडणीत बसवली. प्रत्येक फेरीत २४ गुणिले ८ म्हणजे १९२ बिट आणि फेरीची खूण म्हणून एक बिट, असे १९३. सेकंदाला ८,००० फेऱ्या, म्हणून वेग १५,४४,००० बिट. युरोपाने ३२ कप्प्यांची पद्धत घेतली : ३२ गुणिले ६४,००० बरोबर २०,४८,०००. त्यांतील एक कप्पा जुळणीचा आणि एक संकेतांचा. उरलेल्या तीसांत संभाषणे. भारताने हीच बत्तीस कप्प्यांची पद्धत स्वीकारली. तेव्हा २,०४८ हे बत्तीस आणि चौसष्ट यांच्या गुणाकाराचे फळ आहे आणि त्यातला किलो शुद्ध हजाराचा आहे.

तिसरी गोष्ट : आकडा कशाचा आहे, गाडीचा की गाडीतल्या मालाचा? मालगाडीच्या वजनात डबेही असतात. तारेवरून वा फितीवरून जाणाऱ्या बिटांत खुणा, पत्ते, तपासणीचे बिट आणि मोकळ्या जागाही असतात. सांगितलेला वेग बहुधा सगळ्या बिटांचा असतो. मिळणारा वेग मालाचा.

फ्लॉपीचेच उदाहरण पाहता येईल. तिच्यावरून बिट वाचण्याचा वेग सेकंदाला ५,००,००० सांगतात. त्या हिशेबाने सगळी फ्लॉपी चोवीस सेकंदांच्या आत वाचून व्हावी. परंतु फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला पाच फेरे फिरते. एका फेऱ्यात एक वर्तुळ वाचले जाते आणि त्यावर प्रत्येकी ५१२ बाइटचे १८ तुकडे, म्हणजे ९,२१६ बाइट असतात. पाच फेऱ्यांत ४६,०८० बाइट, अर्थात ३,६८,६४० बिट. दोन बाजूंची मिळून १६० वर्तुळे वाचायला कमीत कमी ३२ सेकंद लागतात. पाच लाख आणि पावणेचार लाखांहून कमी, यांतील अंतर तुकड्यांच्या खुणांत आणि मधल्या मोकळ्या जागेत गेलेले असते. वाचणारे शीर्ष एका वर्तुळावरून दुसऱ्यावर सरकते, त्याचा वेळ आणखी वेगळा.

मोठ्या संगणककेंद्रांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या नऊ पट्ट्यांच्या चुंबकीय फितीत हे अधिक ठळक दिसते. आठ पट्ट्या माहितीच्या, नववी तपासणीची. एका इंचावर १,६०० बाइट आणि सेकंदाला १२५ इंच असा वेग असलेली फीत २,००,००० बाइट, म्हणजे १६,००,००० बिट देते. हा प्रवाह भारतातल्या २०,४८,००० बिटांच्या जोडणीत मावेल, अमेरिकेतल्या १५,४४,००० च्या जोडणीत मावणार नाही, असा निष्कर्ष कागदावर निघतो. पण फितीवरील दोन नोंदींमध्ये ०.६ इंचाची कोरी जागा सोडावी लागत असे. पंच कार्डाएवढी ८० बाइटची एकेक नोंद सुटी लिहिली असेल, तर माहिती ०.०५ इंच आणि कोरी फीत ०.६ इंच, म्हणजे तेरा भागांतील एकच भाग उपयोगी. सरासरी वेग सव्वा लाख बिटांहूनही खाली येतो आणि ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या त्याला पुरतात. त्याच नोंदी शंभर-शंभरांच्या गठ्ठ्यांनी लिहिल्या, तर पाच इंच माहितीमागे ०.६ इंच कोरी जागा राहते आणि वेग सुमारे १४,२९,००० बिट होतो. यंत्र तेच आणि फीतही तीच. मांडणी बदलल्याने वेगात बारापटींचे अंतर पडले.

अलीकडच्या साधनांतही हा भेद आहे. दूरध्वनीच्या तारेवरील मोडेम बहुधा प्रत्येक आठ बिटांना आरंभाचा व शेवटाचा एकेक बिट जोडून घेई. तेथे बाइट काढण्यासाठी दहाने भागत. हार्ड डिस्क जोडण्याच्या साटा या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीचा वेग दीड गिगाबिट. पण तारेवर आठ बिटांसाठी दहा बिट पाठवले जात असल्याने माल सेकंदाला १५० मेगाबाइटच. घरातल्या वा शाळेतल्या इथरनेट जाळ्यात १,४६० बाइट माल पोचवण्यासाठी तारेवर १,५३८ बाइटांएवढी जागा खर्च होते. म्हणून शंभर मेगाबिटच्या जाळ्यावर मालाचा वेग साडेबाराऐवजी ११.८७ मेगाबाइटच्या आसपास थांबतो. पडद्यावरच्या त्या अकराचा खुलासा येथे होतो.

चौथी गोष्ट : साखळीतील सर्वांत अरुंद कडी कोणती? येथे शाळेच्या संचिताचा प्रश्न पुन्हा येतो.

साठ मिनिटांची कॅसेट घ्यावी. कॅसेटवर बिट नसतात. वेगाचा आकडा ती अंकांत बदलताना ठरतो. सीडीच्या प्रतीने बदलली तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी सोळा बिट, दोन बाजूंचे ध्वनी, म्हणजे १४,११,२०० बिट. तासाभराचे ६३.५ कोटी बाइट होतात. हे ६४ किलोबिटच्या एका वाहिनीवरून पाठवायचे तर बावीस तास लागतील. २,०४८ किलोबिटची पूर्ण जोडणी मिळाली तर सुमारे एकेचाळीस मिनिटे. शंभर मेगाबिटवर एक मिनिटही नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००४ च्या धोरणाने किमान २५६ किलोबिटच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले आणि २०२३ मध्ये ती किमान मर्यादा २ मेगाबिटवर आली. चार दूरध्वनी वाहिन्यांएवढ्या वेगाला एकेकाळी जलद म्हटले जाई, हे या रूपांतरामुळे ध्यानात येते.

पण कॅसेट वाचायला लागणारा वेळ यांतल्या कोणत्याही जोडणीने कमी होत नाही. तासाची कॅसेट नीट ऐकत उतरवायची तर तासच लागतो. अशा शंभर कॅसेट असतील तर शंभर तास कुणाला तरी यंत्राजवळ बसावे लागेल. दरम्यान फितीवरचा लेप झिजत असतो आणि चालू स्थितीतली वाचनयंत्रे कमी होत असतात. निधी जमवताना जलद जोडणीवर खर्च करायचा की दोन चांगली यंत्रे दुरुस्त करून घ्यायची, याचे उत्तर या हिशेबातून मिळते : आधी यंत्रे.

प्रत ठरवतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो. दूरध्वनीच्या प्रतीने, म्हणजे ६४ किलोबिटने उतरवले, तर तासाच्या कॅसेटचे केवळ २.८८ कोटी बाइट होतात. जागा बावीसपटींनी वाचते. भाषण त्यात समजेल. परंतु ३,४०० हर्ट्झच्या वरचा सगळा नाद त्यात कापला जातो. लेझीमच्या चकत्यांच्या आवाजातील उंच झणकार, झांजांची चमक आणि ‘स’ व ‘श’ यांतील फरकाचा पुष्कळसा अंश त्या मर्यादेपलीकडे असतो. परमुलुखात मराठी उच्चार जपणाऱ्या शाळेने ‘श’ गमावून जागा वाचवावी काय, हा निर्णय तंत्रज्ञावर सोडण्यासारखा नाही. तो शिक्षकांनी व माजी विद्यार्थ्यांनी घ्यायचा आहे.

शेवटी वाहतुकीचा प्रश्न. सर्व सामग्री एक टेराबाइट झाली असे धरावे. शंभर मेगाबिटच्या वेगाने ती पाठवायला ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांहून थोडे अधिक. तीच डिस्क कुणी रात्रीच्या गाडीने बारा तासांत दुसऱ्या गावी नेली, तर प्रवासाचा वेग सुमारे १८५ मेगाबिट पडतो. गाडी जिंकली असे वाटते. मात्र जुन्या यूएसबी २.० ने डिस्क भरायची तर कागदावरच्या ४८० मेगाबिटनेही साडेचार तासांहून अधिक आणि पलीकडे रिकामी करायला पुन्हा तेवढेच. बेरीज एकवीस तासांवर जाते आणि दोन्ही मार्ग जवळजवळ बरोबरीला येतात. शिवाय घरच्या पुष्कळ जोडण्यांत माहिती येण्याचा वेग एक आणि जाण्याचा त्याहून कमी असतो. पाठवणाऱ्याने जाण्याचा वेग पाहायला हवा.

म्हणून प्रत्येक जुन्या फितीच्या, फ्लॉपीच्या वा डिस्कच्या डबीवर एक चिठ्ठी लावावी आणि तीत चार नोंदी असाव्यात : आकडा बिटांत की बाइटांत, हजार १,००० चा की १,०२४ चा, वेग तारेचा की मालाचा, आणि वाचायला लागणारा प्रत्यक्ष वेळ. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. ज्या कॅसेटवर फक्त ‘संमेलन’ एवढेच लिहिले आहे, त्यांची वर्षे आणि आवाज ओळखू शकणारे माजी विद्यार्थी अशा समारंभांना आवर्जून येतात. मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि चिठ्ठीवर पाचवी नोंद त्यांना विचारून करावी : हा आवाज कोणाचा?